लसीच्या कार्डावर सहा, दहा, चौदा आठवडेच का असतात

बाळ-बाळंतीण घरी येतात तेव्हा दुपटी, टोपडी, औषधांची चिठ्ठी यांच्यासोबत एक कार्ड येतं. सरकारी दवाखान्यातलं असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, खासगीतलं असेल तर डॉक्टरांची फाइल. त्यात रकाने असतात, जन्मतः, सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने, दीड वर्ष, पाच वर्ष. आपण पुढची तारीख मोबाईलमध्ये टाकतो आणि त्या दिवशी बाळाला नेतो. पण हीच तारीख का, आठ दिवस उशीर झाला तर काय, एकाच दिवशी तीन तीन सुया का, हे ओपीडीच्या गर्दीत नीट बसून सांगायला कोणाला वेळ नसतो, आणि माझं ठाम मत आहे की आईबापांच्या मनात भीती शिरते ती इथूनच शिरते, कारण ज्याचं कारणच माहीत नाही त्याबद्दल कोणीही काहीही फॉरवर्ड केलं तरी ते खरं वाटायला लागतं. म्हणून आज ते कार्डच ओळीने वाचूया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी खाण्यापिण्याच्या बाबतीत काटेकोर आहे. नाचणीसत्त्व घरी करते, बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचते, लेकीला वर्षाची होईपर्यंत साखर दिली नाही, साध्या सर्दीला अँटिबायोटिक देत नाही. त्यामुळे ओळखीतल्या कितीतरी जणींना वाटतं की मी लसींच्या विरोधात असणार. "एवढं सगळं नैसर्गिक करतेस, मग हे इंजेक्शन कशाला, चांगलं खाल्लं की इम्युनिटी येतेच ना?" असं मला अगदी मनापासून विचारतात, आणि प्रश्न वाईट नाहीये, त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

चांगलं खाणं, झोप, आईचं दूध, स्वच्छ पाणी यांनी शरीराला ताकद मिळते हे शंभर टक्के खरं. कुपोषित मुलाला गोवर झाला तर तो जास्त जीवघेणा ठरतो हेही खरं. पण प्रतिकारशक्तीचं दुसरं एक अंग असतं, ते म्हणजे ओळख. आपल्या रक्तातल्या काही पेशी विशिष्ट जंतूला ओळखायला शिकतात, त्याच्यासाठी नेमकी अँटिबॉडी बनवतात, आणि त्यातल्या काही पेशी ही आठवण घेऊन वर्षानुवर्षं राहतात. ही ओळख नाचणीतून येत नाही, तुपातून येत नाही, बाळगुटीतून तर नाहीच. ती फक्त जंतूची भेट झाल्यावर येते. मग भेटीचे दोनच मार्ग राहतात, एकतर खरा आजार होऊ द्यायचा, नाहीतर त्या जंतूचा मेलेला, दुबळा केलेला किंवा तुकड्यातला अवतार शरीराला दाखवायचा. लस म्हणजे नाटकाची रंगीत तालीम म्हणा, प्रयोगाच्या दिवशी चूक होऊ नये म्हणून आधी सगळं करून बघणं. आणि तालमीलासुद्धा नटाची तब्येत चांगली लागतेच, त्यामुळे खाणं आणि लस यात भांडण काहीच नाही, मला तर दोन्ही एकाच काळजीतून येतात असं वाटतं.

आता कार्ड. पहिल्या दिवशी तीन गोष्टी असतात: बीसीजी म्हणजे टीबीची लस, पोलिओच्या थेंबांचा शून्य डोस, म्हणजे जन्मतःचा, आणि कावीळ ब ची लस. कावीळ ब ची २४ तासांच्या आत द्यायची असते. एवढी घाई का, तर आईच्या रक्तात हा विषाणू असेल आणि तिलाही माहीत नसेल, तर बाळंतपणात तो बाळाकडे जाऊ शकतो, आणि इतक्या लहान वयात लागण झाली तर बहुतेक बाळांमध्ये तो यकृतात कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसात तोच विषाणू बहुतेक वेळा निघून जातो. म्हणजे इथे वयाचाच सगळा खेळ आहे, म्हणून ही सुई थांबत नाही.

बीसीजी डाव्या दंडावर देतात. घरोघरी गोंधळ होतो तो या लसीवरून, कारण त्या दिवशी काहीच दिसत नाही आणि मग काही आठवड्यांनी तिथे बारीक गाठ येते, ती पिकल्यासारखी होते, फुटते, सुकते आणि छोटा वण राहतो. आमच्याकडे सासूबाई हळद-तूप घेऊन बसल्या होत्या, मी हात जोडून म्हटलं, आई, यावर काहीच लावायचं नाही, ते आपोआप भरतं. त्यांनीही ऐकलं. पुळी आली म्हणजे लस बिघडली नाही, आणि एखाद्या बाळाला वण उठलाच नाही तरी परत टोचायची गरज नसते. बीसीजीबद्दल अजून एक माहीत असू द्या, ती लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते. मोठेपणी फुफ्फुसाच्या टीबीला ती तितकी रोखत नाही. म्हणून "बीसीजी घेऊनही काकांना टीबी झाला" हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही लस आपलं काम करत असते.

मग सहा, दहा, चौदा आठवडे. गरोदरपणात आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, ती शिदोरी काही आठवडे-महिने पुरते आणि हळूहळू संपते. दुसरीकडे डांग्या खोकल्यासारखा आजार सगळ्यात जास्त जीव घेतो तो अगदी तान्ह्या बाळांचा, कारण त्यांना खोकून खोकून श्वासच घेता येत नाही. म्हणजे फार लवकर लस दिली तर बाळाचं शरीर नीट शिकत नाही, फार उशिरा दिली तर धोक्याचा काळ उघड्यावर जातो. या दोन्हीच्या मधली जागा म्हणजे सहावा आठवडा. अमेरिकेसारख्या देशात हेच दोन, चार, सहा महिन्यांना देतात, आपल्याकडे आजार लवकर गाठू शकतो म्हणून संरक्षणही लवकर सुरू करतात. आणि तीन डोस का, तर पहिल्या डोसाला शरीराला फक्त ओळख होते, दुसऱ्या-तिसऱ्याला ती पक्की होते, आणि मध्ये किमान चार आठवडे सोडले नाहीत तर ती नीट पक्की होत नाही. त्यामुळे डोस उशिरा झाला तर फार बिघडत नाही, पुढचा घ्यायचा, पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. पण ठरल्यापेक्षा लवकर उरकून टाकू म्हटलं तर चालत नाही. हे कितीतरी शिकलेल्या आईबापांनाही माहीत नसतं, एक डोस चुकला की "आता सगळं वाया गेलं" म्हणून लाजेने दवाखान्यातच जात नाहीत. प्लीज जा. कोणी रागावलं तर रागावू दे.

या तीन भेटींत जी पेंटाव्हॅलंट म्हणून सुई मांडीत देतात ती एकाच सुईत पाच आजारांसाठी असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा जंतू, ज्याने न्यूमोनिया आणि मेंदूज्वर होतो. सोबत तोंडातून पोलिओ आणि रोटाव्हायरसची, म्हणजे जुलाब करणाऱ्या विषाणूची लस, आणि सहाव्या व चौदाव्या आठवड्याला दंडावर त्वचेच्या आत पोलिओचं छोटं इंजेक्शन, दुसऱ्या मांडीत न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या आणखी एका जंतूविरुद्धची सुई. एका दिवशी इतकं बघून जीव कासावीस होतो, माझाही झाला. पण बाळ रोज श्वासातून, मुठी चाटून, मोठ्यांच्या पाप्यांतून जितके जंतू आत घेतं त्यापुढे या लसीतले घटक फारच थोडे असतात. आणि वेगळ्या वेगळ्या दिवशी द्यायच्या म्हटल्या तर रडणं तेवढंच, फेऱ्या दुप्पट-तिप्पट, आणि मधले दिवस बाळ विनासंरक्षण. एक उपाय खरंच काम करतो, सुई देताना बाळाला अंगावर पाजत ठेवा, दुखणं कमी जाणवतं.

खासगीत मग विचारतात, पेनलेस हवी का? त्याचा अर्थ सुई दुखत नाही असा नसतो. फरक डांग्या खोकल्याच्या भागात असतो. साध्या लसीत तो जंतू अख्खा, मेलेला असतो, त्यामुळे ताप आणि मांडीची सूज जास्त येते. "पेनलेस"मध्ये त्याचे फक्त निवडक तुकडे असतात, ताप कमी येतो, पण संरक्षण थोडं लवकर ओसरतं. सरकारी दवाखान्यात अख्ख्या जंतूवाली देतात. पैसे नाहीत म्हणून बाळाला कमी प्रतीचं मिळतंय असं मनात आणणाऱ्या आयांना मला हे आवर्जून सांगायचंय, तसं अजिबात नाही.

तापाचं म्हणाल तर पेंटानंतर पहिल्या एकदोन दिवसांत ताप, किरकिर, मांडीला कडकपणा हे अपेक्षितच असतं. गाठ चोळायची नाही, गरम शेक नाही, गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं तर बरं वाटतं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, सिस्टर किंवा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, आणि एक फार महत्त्वाचं, ड्रॉप्स आणि सिरप एकसारखं नसतं. बाटलीवर वाचा, ड्रॉप्समध्ये साधारण एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं आणि लहान मुलांच्या साध्या सिरपमध्ये पाच एमएलमध्ये १२० किंवा १२५. म्हणजे ड्रॉप्स जवळजवळ चौपट कडक. शेजारणीने सांगितलेलं "अर्धा चमचा" ड्रॉप्सचं दिलं तर केवढा डोस होईल विचार करा. बाळ तीन तासांच्या वर सलग रडतंय, झटका आला, दूधच घेत नाही, निपचित पडलंय, चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास होतोय, तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. आणि लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात ते त्यासाठीच, कारण तीव्र अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ, दहा लाख डोसांत एखादी, पण झालीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत होते आणि तिथे त्यावरचं इंजेक्शन तयार असतं. आधीच्या डोसाला असा त्रास झाला असेल, किंवा बाळाच्या प्रतिकारशक्तीचा काही आजार माहीत असेल तर सुईच्या आधी सांगायचं. साधी सर्दी, थोडासा खोकला यासाठी लस पुढे ढकलायची नसते.

सरकारी केंद्रात बघण्यासारखी एक गोष्ट सांगते, सिस्टरना विनंती केली तर त्या दाखवतात. लसीच्या कुपीवर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्यासारखी. कुपीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो चौकोन गडद होत जातो, आणि गोलाच्या रंगाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची, मग एक्स्पायरी डेट पुढची का असेना. म्हणजे जिल्ह्याच्या गावापासून तुमच्या उपकेंद्रापर्यंत त्या कुपीने किती ऊन सोसलं याचा हिशोब तिच्याच अंगावर लिहिलेला असतो. मे महिन्यातल्या विदर्भात लाईट गेली असताना ही लस चांगली असेल का, ही शंका असलेल्यांना मी हेच सांगते, विचारा आणि बघा, तो तुमचा हक्क आहे. काही लसी उलट गोठल्या तर खराब होतात, पेंटा त्यातलीच, त्यामुळे दोन ते आठ डिग्रीच्या मध्येच ठेवाव्या लागतात. आणि "आज बीसीजी नाही, बुधवारी या" असं सांगून परत पाठवतात त्यालाही कारण आहे, बीसीजी आणि गोवर-रुबेला (रुबेला म्हणजे जर्मन गोवर) या लसींची पावडर एकदा पातळ केली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. म्हणून चार बाळं एकत्र यावीत असा दिवस ठरवतात. चिडचिड होते, कामावर रजा पडते, कबूल आहे, पण सिस्टर टाळत नसतात.

आता नववा महिना, गोवर-रुबेला. माझ्या मते अख्ख्या कार्डातली ही ओळ सगळ्यात जपायची. गोवर इतका पसरतो की रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांचा जवळून संबंध आला तर नऊ जणांना होतो. आपल्याकडे अजूनही "बाळाला गोवर आलाय, होऊन जाऊ दे, अंगातली उष्णता निघते" म्हणणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगते, ते पुरळ हा गोवराचा सगळ्यात किरकोळ भाग आहे. न्यूमोनिया, जुलाब, डोळ्यांवर परिणाम, मेंदूला सूज हे त्याच्या मागून येतं. त्याहून वाईट म्हणजे गोवर शरीराची जुनी आठवण पुसतो, आधी झालेल्या आजारांविरुद्ध कमावलेल्या अँटिबॉडीचा मोठा भाग निघून जातो आणि मूल पुढे बराच काळ इतर आजारांना बळी पडतं. "नैसर्गिक आजाराने इम्युनिटी वाढते" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मग इतका वाईट आजार आहे तर त्याची लस जन्मतःच का नाही देत? कारण ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे, आणि आईकडून आलेल्या अँटिबॉडी शिल्लक असतील तर त्या लसीतल्या विषाणूलाच मारून टाकतात, बाळ शिकतच नाही. नवव्या महिन्यापर्यंत त्या बऱ्याचशा ओसरलेल्या असतात, पण सगळ्यांच्या नाही. त्यामुळे नवव्या महिन्यात साधारण १०० पैकी ८५ बाळांना संरक्षण मिळतं, १५ राहून जातात. कोणती १५ ते बाहेरून कळत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत सगळ्यांनाच दुसरा डोस. लोक त्याला बूस्टर म्हणून सोडून देतात, पण ती त्या राहिलेल्या मुलांसाठी पहिलीच खरी संधी असते. नवव्या महिन्यात सोबत जीवनसत्त्व अ चा चमचाही देतात, तो डोळ्यांसाठी आणि एकूण प्रतिकारासाठी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो, तोही चुकवू नका.

गोवर थांबवायचा तर वस्तीतल्या १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस हवेत. त्याखाली गेलं की काय होतं ते आपण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीत पाहिलं. कोविडच्या काळात डोस राहून गेले होते, दाटीची वस्ती, आणि मुलं दगावली. त्यात नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडली, ज्यांची लसीची वेळच आली नव्हती. त्या भागात मग सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यावा लागला. "माझ्या मुलाचं मी बघेन, तुम्हाला काय" हे म्हणणं मला इथे पटत नाही, कारण माझ्या मुलाने न घेतलेली लस शेजारच्या सात महिन्यांच्या बाळाला भोवते. याला एक अपवाद आहे, धनुर्वात. तो माणसाकडून माणसाला होतच नाही, मातीतून जखमेत जातो, त्यामुळे तिथे शेजाऱ्यांच्या लसीचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

आणि तो ऑटिझमचा प्रश्न, म्हणजे गोवराच्या लसीने ऑटिझम होतो का हा, कारण कितीही टाळला तरी कोणीतरी विचारतंच. हे सुरू झालं १९९८ मध्ये, इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने फक्त १२ मुलांवरून लिहिलेल्या एका पेपरमुळे. २०१० मध्ये तो पेपर छापणाऱ्या नियतकालिकानेच मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्डचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली, तो अभ्यास २०१९ मध्ये आला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या प्रमाणात फरक नव्हता. मग आईबापांना संबंध का वाटतो? कारण बोलणं न येणं, नजर न देणं ही लक्षणं घरच्यांच्या लक्षात येतात साधारण दीड वर्षाच्या आसपास, आणि दुसरा डोसही त्याच वयात असतो. ज्या आईला हा प्रश्न पडतो तिला मूर्ख म्हणू नका, तिच्या डोळ्यांदेखत एकामागून एक दोन गोष्टी घडलेल्या असतात. तिला हे सगळं शांतपणे सांगावं लागतं.

पोलिओचंही एक सांगून टाकते. थेंबही आणि इंजेक्शनही, दोन्ही का? थेंबातला दुबळा विषाणू आतड्यात संरक्षण देतो, त्यामुळे पसरणं थांबतं. पण फार क्वचित, जिथे खूप मुलं लसीविना असतात तिथे तो दुबळा विषाणू फिरता फिरता पुन्हा जोर धरू शकतो. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, तो असं करू शकत नाही आणि रक्तात चांगलं संरक्षण देतो. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. सासूबाईंच्या चुलतभावाचा पाय लहानपणी पोलिओने गेला, सासूबाईंच्या स्वतःच्या दंडावर देवीच्या टोचणीचे गोल वण आहेत, त्यामुळे घरात लसीवरून त्यांनी कधी वाद घातला नाही. शंका आमच्या पिढीला येतात, कारण हे आजार आम्ही बघितलेच नाहीत.

आणि हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही. १४ जून १८०२ ला देशातली पहिली देवीची लस टोचली गेली ती मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. प्लेगची लस हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईतच ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. दोन महिन्यांचं अंतर. मला ही तारीख वाचली की अजूनही पोटात तुटतं. आज जगाला सगळ्यात जास्त डोस पुरवणारी कंपनी त्याच पुण्यात आहे.

पाचव्या-सहाव्या वर्षी डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांचा बूस्टर असतो, शाळेच्या ॲडमिशनच्या धावपळीत तो हमखास राहतो. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांकडे जाणंच कमी होतं, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडीची सुई, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची, कित्येक घरांत कोणाच्या ध्यानातही नसते. घटसर्पाचं संरक्षण वर्षांनुसार ओसरतं, म्हणून ती आहे. मुलींसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लसही याच वयात, नवव्या ते चौदाव्या वर्षात घेतलेली चांगली, कारण विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो आणि लहान वयात कमी डोसात काम भागतं. २०२३ पासून आपल्याकडे बनलेली सर्व्हाव्हॅक बाजारात आहे. मुलगी पाचवीत गेली की एकाच फेरीत डॉक्टरांना टीडी आणि एचपीव्ही दोन्हीचं विचारून घ्या, आणि जुन्या कार्डाचा फोटो सोबत न्या, कारण तोपर्यंत त्यावरची शाई पुसट झालेली असते.